पिवळं फडकं

अमेरिकन फुटबॉलमध्ये नियम मोडला की पंच मैदानावर जे पिवळं फडकं टाकतात, त्याचा पहिला अवतार एका बाईंनी घरी शिवला होता. ओहायो राज्यातल्या यंगस्टाउन कॉलेजच्या संघाचे प्रशिक्षक होते ड्वाइट बीडी. त्या काळी गुन्हा झाला की पंच भोंगा वाजवत. गोंगाटात तो पुष्कळांना ऐकू येत नसे, आणि ज्यांना येई ते खेळाडू डाव संपला असं समजून मध्येच थांबत. बीडींना वाटलं, आवाज नको, डोळ्यांना दिसेल अशी खूण हवी. त्यांच्या पत्नी इर्मा यांनी हॅलोवीनच्या पोशाखाचं लाल कापड घेतलं, त्याला चादरीचा पांढरा तुकडा जोडला आणि फडकं नीट फेकता यावं म्हणून मासेमारीच्या दोरीला लावतात ती शिशाची वजनं त्यात घातली. १७ ऑक्टोबर १९४१ रोजी ओक्लाहोमा सिटी विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात ते फडकं पहिल्यांदा मैदानावर पडलं. व्यावसायिक एनएफएलनं ते १९४८मध्ये स्वीकारलं. तिथे ते बरीच वर्षं पांढरं होतं, पिवळं झालं १९६५मध्ये.

यंगस्टाउन आमच्या पिट्सबर्गपासून गाडीनं तासाभरावर. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी नोकरीसाठी पिट्सबर्गला आलो तेव्हा नदीकाठचे पोलादाचे कारखाने धडाडून चालू होते आणि रविवारी दुपारी सगळं गाव एकाच विषयावर बोलत असे. तो विषय कळल्याशिवाय या गावात आपलं कुणी होणार नाही, हे मला लवकर उमगलं. शिकवणारे भेटले ते आमचे शेजारी, आयुष्यभर भट्टीवर काम केलेले पोलिश कुटुंबातले गृहस्थ. त्यांनी पहिल्या दिवशी चेंडूकडे बघूच दिलं नाही. म्हणाले, पंचांच्या हातांकडे बघ, खेळ आपोआप कळेल.

आणि तसंच झालं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, एवढाच तर या खेळाचा पाया आहे. गुन्हा झाला की दंड यार्डांतच मोजायचा, पाच, दहा नाहीतर पंधरा. म्हणजे जी जमीन अंगावर धडका झेलून मिळवायची, तीच शिक्षा म्हणून परत द्यायची. कमरेवर दोन्ही हात, म्हणजे ऑफसाइड. छातीपुढे एकमेकांभोवती फिरणारे हात, म्हणजे चेंडू सुटण्याआधीच कुणीतरी हललं. एका हाताच्या मुठीचं मनगट दुसऱ्या हातानं धरलं, म्हणजे होल्डिंग. पंचांना ध्वनिक्षेपक मिळाला तो १९७५मध्ये. त्याआधी हे सगळं मूकच चालायचं. साठ हजार माणसं एका माणसाच्या हातांकडे बघत गप्प व्हायची, मग हात ओळखीच्या जागी गेले की अर्धं मैदान ओरडायचं. आज ध्वनिक्षेपकावरून खेळाडूचा क्रमांक, गुन्ह्याचं नाव, यार्ड, पुढचा डाव, सगळं नीट सांगतात. एड होकुली यांच्यासारखे पंच, पेशानं वकील, तर नियमाचं कलमच उलगडून दाखवायचे. ते ऐकायला मला आवडायचंच. पण ती आधीची शांतता मला अजून आठवते.

होल्डिंग समजायला मात्र मला काही हंगाम लागले. समोरच्या बचावपटूला अडवायचं, पण पकडायचं नाही, असा नियम. आता तीनशे पौंडांची दोन माणसं एकमेकांना भिडली की कुणाचा हात कुणाच्या जर्सीत अडकणार नाही? बारकाईनं पाहिलं तर जवळजवळ प्रत्येक डावात कुठेतरी होल्डिंग असतंच. शेजारी म्हणायचे, पकडल्यामुळे त्या डावाचं काही बदललं का, ते विचार. बदललं नसेल तर पंच फडकं खिशातच ठेवतो, आणि ठेवायलाच हवं. पायचीतचा निर्णय देताना जसा पंचाला न घडलेला भाग मनात घडवून पाहावा लागतो, तसंच इथे आहे. हा माणूस पकडला गेला नसता तर पोहोचला असता का? हे कुठल्याही पुस्तकात पूर्ण लिहून ठेवता येत नाही, आणि माझ्या मते या खेळाच्या पंचगिरीचं सगळं कौशल्य याच प्रश्नात आहे.

२३ डिसेंबर १९७२चा दिवस आमच्या गावात कुणी विसरलेलं नाही. गंमत अशी, की तो क्षण पिट्सबर्गमध्ये फार थोड्यांना थेट दिसला. त्या वेळी घरच्या मैदानावरचा सामना त्या गावच्या टीव्हीवर दाखवत नसत, तिकिटं सगळी खपली तरीही. ज्यांच्याकडे तिकीट नव्हतं ते रेडिओला कान लावून होते. आम्हीही. आमच्या पिट्सबर्गचा संघ स्टीलर्स ७-६ असा मागे होता, बावीस सेकंद उरली होती, चौथा प्रयत्न होता. टेरी ब्रॅडशॉनं चेंडू फेकला, फ्रेंची फुक्वा आणि ओकलंड रेडर्सचा जॅक टाटम एकमेकांवर आदळले, चेंडू मागे उडाला, आणि जमिनीला लागतो न लागतो तोच फ्रँको हॅरिसनं तो बुटाजवळून उचलला आणि थेट एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या गुण मिळवून देणाऱ्या पट्ट्यात, नेला. रेडिओवर निवेदकाचा आवाज फाटला. आणि मग सगळं थांबलं.

थांबलं, कारण तेव्हाच्या नियमानुसार आक्रमक संघाच्या एका खेळाडूला लागलेला चेंडू लगेच त्याच संघाच्या दुसऱ्यानं झेललेला चालत नसे; मध्ये बचावपटूचा स्पर्श व्हायला हवा. चेंडू फुक्वाला लागला की टाटमला? मुख्य पंच फ्रेड स्वेरिंजन आपल्या सहकाऱ्यांशी बोलले, मग कडेच्या डगआउटमधल्या फोनवरून वर बसलेले पंचांचे प्रमुख आर्ट मॅकनॅली यांच्याशी बोलले, आणि परत येऊन त्यांनी दोन्ही हात वर केले. टचडाउन. वर टीव्हीवर फेरचित्रण बघून निर्णय झाला का, हा प्रश्न मॅकनॅलींना पुढे आयुष्यभर विचारला गेला, आणि नाही, असंच ते सांगत राहिले. रेडर्सच्या माणसांनी तो निकाल कधी मानला नाही. सामना मात्र १३-७ असाच पुस्तकात राहिला. तो नियमच १९७८मध्ये काढून टाकला. फ्रँको गेला २०२२च्या डिसेंबरात, या झेलाला पन्नास वर्षं पूर्ण व्हायला मोजके दिवस उरले असताना. आज तसा क्षण आला असता तर वीसेक कोनांतून चेंडू दिसला असता, आणि कदाचित पहिला सवाल झेलाचा नसता. चेंडू झेलायच्या बेतात असलेल्या माणसाला टाटमनं जी धडक दिली, तिच्यावरच फडकं पडलं पाहिजे, असं निम्म्या देशानं म्हटलं असतं.

टाटमचं नाव आलं की जुन्या दिवसांविषयीचं माझं प्रेम एका जागी येऊन थांबतं. १२ ऑगस्ट १९७८, ओकलंड. हंगामाआधीचा, निकालाला काही किंमत नसलेला सराव सामना. न्यू इंग्लंडचा डॅरिल स्टिंगली उंचावरचा चेंडू पकडायला झेपावला आणि टाटम त्याच्यावर आदळला. स्टिंगली सव्वीस वर्षांचा होता. त्यानंतर तो कधी चालला नाही. २००७मध्ये गेला तोपर्यंत चाकाच्या खुर्चीतच राहिला. त्या धडकेवर फडकं पडलं नव्हतं. पंच चुकले म्हणून नव्हे. तेव्हाच्या पुस्तकात तो गुन्हाच नव्हता.

म्हणून आमच्या पिढीतलं कुणी म्हणालं, की पूर्वीचा खेळ मर्दानी होता आणि आता सगळं मऊ झालं, की मी गप्प बसत नाही. लॉस एंजेलिस रॅम्सचा डीकन जोन्स समोरच्याच्या शिरस्त्राणावर कानाजवळ उघड्या पंजानं तडाखा हाणायचा आणि तो बधिर झाला की बाजूनं निघून जायचा. ही त्याची कला म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या आहेत. तो तडाखा बंद झाला १९७७मध्ये. शिरस्त्राणाची जाळी धरून मान पिरगाळणं एके काळी चालायचं. १९५६मध्ये त्यावर बंदी आली तीही चेंडू घेऊन पळणाऱ्याला वगळून, आणि त्याला संरक्षण मिळायला १९६२ उजाडलं. मागून खांद्याच्या पट्ट्यात हात घालून खाली ओढणं २००५मध्ये बंद झालं, धरून स्वतःचं वजन दुसऱ्याच्या पायांवर टाकणं २०२४मध्ये. आमच्या स्टीलर्सचा सेंटर माइक वेब्स्टर, चार सुपर बाउल जिंकलेला, २००२मध्ये गेला तेव्हा त्याच्या मेंदूत काय झालं होतं ते पिट्सबर्गमध्येच डॉ. बेनेट ओमालू यांनी शोधलं. आम्ही ज्याला नुसतं डोकं जरा गरगरलं म्हणायचो, ते काय होतं हे तेव्हा कळलं. डोक्याचं रक्षण करणारा प्रत्येक दंड मला मान्य आहे, त्यात खेळाची लय गेली तरी चालेल. १९०५मध्ये मुलं मरू लागली तेव्हा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या माणसांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारायला सांगितलं होतं, आणि पुढच्याच वर्षी चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली. आज आपण जो खेळ पाहतो तो त्या सुधारणेतूनच जन्मला.

१९७८चा दुसरा बदल आमच्याच माणसामुळे झाला. स्टीलर्सचा कॉर्नरबॅक मेल ब्लाउंट समोरच्या रिसीव्हरला सुरुवातीपासून अंगाला अंग लावून असा काही रोखायचा, की त्या बिचाऱ्याला धावायलाच मिळत नसे. मग नियम आला, पाच यार्डांपुढे धक्का देता येणार नाही. लोक त्याला मेल ब्लाउंट नियमच म्हणतात. गावात तेव्हा केवढा संताप! आम्हाला हरवता येत नाही म्हणून पुस्तक बदललं, असं प्रत्येक दुकानात ऐकू यायचं. पण स्टीलर्सनी त्या नव्या नियमात ब्रॅडशॉला मोकळेपणानं चेंडू फेकायला लावला आणि त्या हंगामाचा व पुढच्याही हंगामाचा सुपर बाउल जिंकला. तक्रार करायची आणि जुळवूनही घ्यायचं, ही या गावाची रीत मला फार भावली.

कॅमेऱ्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. लीगनं फेरचित्रण १९८६मध्ये आणलं, १९९२च्या हंगामाआधी काढून टाकलं आणि १९९९मध्ये परत आणलं. परत आणण्याआधीच्या हंगामात न्यूयॉर्क जेट्सच्या विनी टेस्टावर्डीला सिअ‍ॅटलविरुद्ध टचडाउन मिळालं होतं. रेषेपलीकडे त्याचं शिरस्त्राण गेलं होतं, चेंडू नव्हे. अशा चुका कॅमेऱ्यानं पकडाव्यात याला कोण नाही म्हणेल? चेंडू रेषेपलीकडे गेला का, पाय हद्दीत होता का, घड्याळात किती उरलं होतं, हे डोळ्यापेक्षा यंत्राला चांगलं दिसतं. २०२५पासून तर दहा यार्ड पुरे झाले का हेही कॅमेऱ्यांवरून मोजतात. साखळी घेऊन मैदानात धावणारी माणसं, ती ताणून धरणं, चेंडूचं टोक तिच्यापुढे बोटभर गेलं की उठणारा आरडाओरडा, हे सगळं मला हवंहवंसं वाटायचं, पण मोजमाप अचूक होत असेल तर मी हट्ट धरणार नाही.

माझं दुखणं वेगळं आहे. जे मोजता येत नाही तेही मोजायचा प्रयत्न सुरू झाला, आणि पुस्तक जाड होत गेलं. १९ जानेवारी २००२ची रात्र, फॉक्सबरोमध्ये बर्फ पडतोय, रेडर्सचा चार्ल्स वुडसन न्यू इंग्लंडच्या टॉम ब्रेडीवर आदळतो, चेंडू सुटतो, रेडर्स त्यावर पडतात. स्टेडियममधल्या आणि घराघरातल्या प्रत्येकानं चेंडू निसटलेला पाहिला. मुख्य पंच वॉल्ट कोलमन पडद्यात डोकं घालून बघून आले आणि निर्णय फिरवला. फेकायला पुढे नेलेला हात परत अंगाशी आणत असताना चेंडू सुटला तरी तो पासच, असं १९९९चं एक कलम होतं. कोलमन पुस्तकाप्रमाणे बरोबर होते. चुकलं होतं ते पुस्तक, आणि लीगनं ते कलम काढायला २०१३ उजाडलं. पुढे झेल म्हणजे काय, हेच कळेनासं झालं. डेट्रॉइटच्या कॅल्विन जॉन्सननं २०१०मध्ये शिकागोत, डॅलसच्या डेझ ब्रायंटनं २०१५च्या जानेवारीत ग्रीन बेमध्ये चेंडू हातात घेतलेला लहान पोरालाही दिसला, पण संथ चित्रणात जमिनीवर आपटताना तो हलला म्हणून झेल नाकारले गेले. नियम सोपा करायला २०१८ उजाडलं. संथ चित्रणाचा हा दोषच आहे. चेंडूचा मिलीमीटर दिसतो, पण धक्क्याचा जोर, वेग आणि हेतू नाहीसा होतो. साधा स्पर्श गुन्हा वाटायला लागतो.

आणि जिथे उघड गुन्हा झाला तिथेही कॅमेऱ्यानं प्रश्न सोडवला नाही. २० जानेवारी २०१९ला न्यू ऑर्लिन्समध्ये रॅम्सच्या निकेल रोबी-कोलमननं चेंडू पोहोचायच्या कितीतरी आधी सेंट्सच्या टॉमीली लुइसला आडवं केलं. बरोबरीतला सामना, शेवटची दोन मिनिटं, आणि एकाही पंचानं फडकं टाकलं नाही. रॅम्स जादा वेळेत जिंकून सुपर बाउलला गेले. न्यू ऑर्लिन्समध्ये इतका क्षोभ झाला की लीगनं पुढच्या हंगामात पास अडथळ्याचे निर्णयही फेरचित्रणाखाली आणले. त्या वर्षभर प्रशिक्षक निर्णयाला आव्हान देणारी लाल फडकी टाकत राहिले, न्यूयॉर्कमध्ये बसलेली माणसं चित्रं बघत राहिली, पण निर्णय क्वचितच फिरले, आणि कधी फिरतात, कधी नाही, याचा कुणाला मेळ लागला नाही. एका हंगामातच तो नियम गुंडाळला. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. कॅमेरा धक्का दाखवतो, पण तो पुरेसा होता का हे शेवटी माणसालाच ठरवावं लागतं, मग तो माणूस मैदानावर असो की दूर न्यूयॉर्कच्या खोलीत. मैदानावरचा निदान धापा ऐकू येण्याइतका जवळ असतो. आणि जे सात जण हे ठरवतात, त्यांच्यापैकी बहुतेकांना आठवडाभर दुसरी नोकरी असते. एवढ्या पैशाच्या खेळानं पंचांना पूर्ण वेळ आणि पूर्ण पगार द्यावा, असं मी दरवर्षी मित्रांना पोटतिडकीनं सांगत असतो.

या सगळ्यात सर्वांत मोठं नुकसान झालंय ते आनंदाचं. स्टीलर्सच्या जुन्या थ्री रिव्हर्स स्टेडियममध्ये टचडाउन झालं की पिवळ्या टॉवेलांचा समुद्र उसळायचा, लगेच, विचार न करता. आता माझी नातवंडं आधी पडद्याच्या कोपऱ्यात बघतात, पिवळी चौकट उमटली का. नाही उमटली तरी धीर धरतात, वर कुणी फेरचित्रण बघतंय का म्हणून. मग हळूच टाळ्या. त्यांचा हर्ष उसना वाटत नाही, पण तो नेहमी उशिरा येतो.

तरी कॅमेऱ्यालाच दोष द्यायला माझं मन घेत नाही, कारण एक जुनी गोष्ट मला माहीत आहे. १६ नोव्हेंबर १९४०ला न्यू हॅम्पशायरमधल्या हॅनोव्हर गावी कॉर्नेल आणि डार्टमथ यांचा सामना झाला. कॉर्नेलचा संघ दीर्घकाळ हरलेला नव्हता. शेवटच्या क्षणी ३-० असा मागे असताना त्यांनी टचडाउन केलं आणि ७-३ असा सामना जिंकला. पण मुख्य पंच रेड फ्रीजेल यांची मोजणी चुकली होती. चारऐवजी पाच प्रयत्न मिळाले होते. तेव्हाही कॅमेरा होता. फिल्म धुवून यायला वेळ लागायचा, इतकंच. कॉर्नेलच्या माणसांनी आपल्याच विजयाची फिल्म लावून बघितली, प्रयत्न मोजले, आणि डार्टमथला तार केली की हा सामना तुमचा. फ्रीजेल यांनी चूक जाहीरपणे मान्य केली. निकाल आजही ३-० असाच आहे. कुठल्याही नियमानं कॉर्नेलला तसं करायला भाग पाडलं नव्हतं.

१९९०च्या ऑक्टोबरात मिझुरीच्या मैदानावर कोलोरॅडोच्या संघालाही असाच पाचवा प्रयत्न मिळाला. त्यावर टचडाउन झालं, सामना ३३-३१ असा जिंकला, आणि त्या वर्षीच्या राष्ट्रीय विजेतेपदात वाटाही मिळाला. फिल्म या वेळीही होती, शिवाय टीव्ही होता, सगळ्या देशानं पाहिलं. विजय परत गेला नाही. १९४० आणि १९९० यांच्यामध्ये यंत्रं कितीतरी सुधारली. कॉर्नेलनं फिल्म स्वतःची चूक शोधायला लावली होती. आता प्रत्येक संघ समोरच्याची चूक शोधायला चित्रं बघतो. मला त्या काळाची ओढ वाटते ती यासाठी. शिशाच्या वजनांसाठी नव्हे, आणि धडकांसाठी तर मुळीच नव्हे.

पण ती वृत्ती पार गेली, असंही मला म्हणता येत नाही. १२ फेब्रुवारी २०२३चा सुपर बाउल. फिलाडेल्फिया ईगल्स आणि कॅन्सस सिटी चीफ्स, ३५-३५ अशी बरोबरी, दोन मिनिटांहून कमी वेळ. ईगल्सच्या जेम्स ब्रॅडबेरीवर होल्डिंगचं फडकं पडलं. त्या एका दंडामुळे चीफ्सना घड्याळ जवळजवळ संपवता आलं, त्यांनी शेवटच्या सेकंदांत किक मारली आणि ३८-३५ असे जिंकले. फिलाडेल्फियात लोक पेटले. तसं धरणं दिवसभर सोडून दिलं, मग अगदी शेवटी, जगज्जेतेपद ठरताना, फडकं का? हा प्रश्न बिनबुडाचा नव्हता. एकाच सामन्यात मोजपट्टी बदलू नये, हे कुठलाही चांगला पंच सांगेल. सामन्यानंतर पत्रकार ब्रॅडबेरीकडे गेले. पंचांवर राग काढायची याहून चांगली संधी त्याला आयुष्यात पुन्हा मिळाली नसती. त्यानं सांगितलं, मी त्याची जर्सी ओढली होती, ते होल्डिंगच होतं, पंच सोडून देतील अशी आशा होती, एवढंच. लोक अजूनही वाद घालतात की ते फडकं खिशात राहायला हवं होतं. मी त्या वादात ब्रॅडबेरीच्या बाजूला आहे.